रॉकेटची मातृभाषा

पीएच.डी. करणाऱ्या मुलीला गावाकडचे नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात. संपली का, आणि संपल्यावर नोकरी लागणार का. विषय काय आहे हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे धोंडाआत्याचा फोन आला आणि ती म्हणाली, "हर्षे, तुला कानडी येती ना? मग ये लगीच," तेव्हा मला अक्षरशः भरून आलं.

मला वाटलं, झालं, आत्यानं शेवटी आपल्या कानडी सुनेशी बोलायचं मनावर घेतलं.

"कुणाशी बोलायचंय, आत्या?"

"बैलाशी," आत्या म्हणाली.

मी मराठी आणि कन्नडचा व्यतिरेकी अभ्यास करते. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. दोन भाषा शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि त्या कुठं जुळतात, कुठं एकमेकींशी फटकून वागतात ते बघायचं. त्यातही माझा विषय म्हणजे आज्ञा: माणसं एकमेकांना कामं कशी सांगतात. 'जरा पाणी देतेस का' असं मराठी नवरा विचारतो तेव्हा तो काहीही विचारत नसतो, हे सिद्ध करण्यात माझी ऐन तारुण्यातली वर्षं गेली आहेत. कन्नड मी धारवाडला वर्गात बसून शिकले, त्यामुळे मी ती बातम्या दिल्यासारखी बोलते. माझ्या मार्गदर्शक बाई प्रत्येक भेटीत एकच टुमणं लावायच्या: हे सगळं पुस्तकी झालं, घरात बोलतात ती कन्नड कुठंय? खेड्यातलं माणूस गाठ.

खेड्यातलं माणूस आमच्या आत्याच्याच स्वयंपाकघरात भाकरी थापत होतं. पण त्याला कन्नड बोलायची बंदी होती.

माझा आतेभाऊ पप्पू आणे गावच्या पठारावर शेती करतो. शेती कमी आणि बैलगाडा जास्त. त्याला जुन्नर, आंबेगाव, पारनेर असं सगळं पालथं घालूनही मुलगी मिळेना. मुलीच्या बापाची स्वतःची शेती असली तरी जावई शेतकरी नको असतो. शेवटी एका मध्यस्थानं कर्नाटकातली, विजापूरजवळच्या इंडीकडची मुलगी दाखवली आणि पप्पूचं लग्न झालं. तिचं नाव नीलव्वा. लग्नात तांदळात अंगठीनं 'आरती' लिहिलं आणि ती आरती झाली.

तेवढ्यात शेजारच्या गावातली अशीच परमुलखातली सून दागिने घेऊन पसार झाली. गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. आत्यानं तिथल्या तिथं कायदा केला. घरात कानडी बोलायची नाही. माहेरी फोन करायचा तो पडवीत बसून, सगळ्यांसमोर, स्पीकर लावून आणि मराठीत. "काय शिजतंय त्ये आमाला कळाया नगं?" हे तिचं म्हणणं. एरवी मोबाईल फ्रिजवर.

आता आरतीच्या आईला मराठी येत नव्हतं. त्या बाईनं तिकडच्या एका मराठी किराणावाल्याकडून तीन वाक्यं पाठ करून घेतली. "आमी बरं हाव. तू बरी हाय का? सासूबाई बरी हाय का?" आरती म्हणायची हो, हो, हो. मग दोघी फोन धरून नुसत्या बसायच्या. पलीकडं एखादं कोंबडं आरवलं तर तेवढीच माहेरची खबर. मी एकदा हा प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि आरतीशी कन्नडमध्ये बोलायला गेले, तर आत्या माझ्यावरच खेकसली. "तिला मराठी शिकू दी. तू बिघडवू नगं." मला राग आला, पण आत्यापुढं माझा राग पायरीवरच चपला सोडून उभा राहतो.

तर आता बैल. पप्पूनं तिकडूनच, इंडीच्या बाजारातून एक कोसा खिलार आणला. दिसायला असा की गाव पडवीत येऊन बसलं. त्याचं मूळ नाव मल्ल्या. पप्पूनं ठेवलं रॉकेट. बैलगाड्याच्या शर्यतीत घाटाच्या पायथ्याला चार बैल जुपून क्षणभर स्थिर उभे करावे लागतात, मग सोडायचे. रॉकेट जुपताना उभाच राहायचा नाही. 'हो', म्हणजे थांब, म्हटलं की पुढं, 'मागं' म्हटलं की आडवा. एका यात्रेत तो गाड्यासकट उलटा फिरला आणि भोंग्यावरच्या निवेदकानं "आण्याच्या गाड्याला घरची आठवण आली" असं जाहीर केलं. पप्पू दोन दिवस जेवला नाही. चैत्रातल्या यात्रेपर्यंत बैल वठणीवर आला नाही तर विकून टाकायचा, असं ठरलं होतं.

मी पुण्याहून वारूळवाडीच्या घरी आले, स्कूटी काढली, आळेफाट्यावरून घाट चढून पठारावर पोहोचले. गोठ्यात सगळे माझीच वाट बघत होते. एवढा मान मला विद्यापीठात कधी मिळाला नाही.

"त्येला फकस्त कानडी कळती," गेणूमामा म्हणाले. मामा म्हणजे आत्याचे यजमान. "समजावून सांग, बाळ. म्हणावं, यात्रा दोन म्हैन्यांवर आलीय."

मी घसा साफ केला आणि बैलाला म्हणाले, "दयविट्टु निल्लिरि."

म्हणजे 'कृपया थांबावे'. मी त्या जनावराला अहोजाहो केलं होतं. रॉकेटनं माझ्याकडं पाहिलं, शेपूट उचललं आणि शेण टाकलं. पप्पूनं आशेनं विचारलं, "ह्यो हो म्हणाला का?"

आता खरं सांगायचं तर मला बैलाचं काही पडलेलं नव्हतं. मला डेटा हवा होता, आणि दारात पिठाचे हात घेऊन आरती उभी होती. मी चेहरा गंभीर केला.

"मामा, माझी कन्नड धारवाडची. हा बैल इंडीकडचा. पोटभाषा वेगळी पडते. शास्त्राप्रमाणे त्याच भागात जन्मलेलं माणूस लागतं."

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडं वळल्या. आरतीनं पीठ पुसलं.

"ती नाय," आत्या म्हणाली.

"गाड्याच्या बैलाला बाईमाणसाचा हात न्हाई लावायचा," मामांनी दुसरं कारण काढलं. रोज दोन वेळ त्याला खुराक आत्याच घालायची, पण ते मामांच्या मते हातात मोडत नव्हतं.

"आये," पप्पू म्हणाला, "मी ह्यो बैल इकला तर मी बी घरात दिसणार न्हाई, सांगून ठिवतो." पप्पू आईसमोर पहिल्यांदाच बोलला, तोही बैलासाठी. बायकोसाठी हेच वाक्य त्याला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. चांगला मुलगा आहे, पण असे चांगले मुलगे पाहिले की माझं डोकं फिरतं.

आत्यानं बराच वेळ विचार केला. मग तिनं परवानगी दिली, ती पंचायतीनं नळजोड द्यावा तशी, अटींसकट. फक्त बैलाशी. फक्त गोठ्यात. गोठ्याबाहेर एक शब्द नाही. मी हळूच माझी अट घुसवली: अभ्यासाला रेकॉर्डिंग लागेल, म्हणून त्या वेळी आरतीजवळ मोबाईल राहील. "ऱ्हाऊ दी," मामा म्हणाले. रेकॉर्डिंग म्हटलं की मामांना सरकारी काम वाटतं.

आरती पुढं आली. बैलासमोर उभी राहिली. मग ती म्हणाली, "निंदर, मल्ल्या."

बैल उभा राहिला. कान ताठ, चारी पाय जमिनीत. मग 'हिंदक सरि' म्हटल्यावर मागं सरला, 'काल एत्त' म्हटल्यावर पाय उचलला. पप्पूनं मामांना मिठी मारली, मामांनी चुकून मला. आरती मात्र बैलाच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर हात फिरवत उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. आत्याला ते दिसलं. "धूळ लई उडती गोठ्यात," असं म्हणून ती आत गेली.

त्यानंतर दर रविवारी मी पठारावर जायला लागले. आरती रोज सकाळी तासभर रॉकेटला धुवायची, चोळायची आणि त्याच्याशी बोलायची. आत्या गोठ्याच्या तोंडाशी बाज टाकून मेथी निवडत बसायची, म्हणजे पहारा. सुरुवातीला आरती आज्ञा द्यायची. मग आज्ञा लांबायला लागल्या.

"हर्षे, काय म्हणती ती?"

"थांब म्हणतेय, आत्या."

"येवढं लांब? आपल्यात तर एका शब्दात व्हतं."

"द्राविडी भाषा आहे. शब्दाला शेपट्या लागत जातात. एकाच्या मागं एक."

आत्यानं मान डोलावली. तिला ते पटलं. "म्हणूनच तिकडली मान्सं दमून गप ऱ्हात असतील," ती म्हणाली. शास्त्राचा असा उपयोग पाहून माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला विद्यापीठाच्या फाटकाबाहेर काढलं असतं.

प्रत्यक्षात आरती बैलाला सांगत होती की सासू आज उठल्यापासून भांड्यांवर राग काढतेय. नवरा वाईट नाही, पण बैलाच्या पाठीवर फिरवतो तेवढा हात माणसाच्या डोक्यावर फिरवत नाही. इथं बाजरी फार खातात, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी स्वप्नात येते. सासऱ्याचं घोरणं ऐकून म्हशीला पान्हा फुटत नाही. मी गोठ्याच्या खांबाआड तोंड दाबून हसायचे. बातम्यांची कन्नड शिकलेल्या मला ही कन्नड म्हणजे उपाशी माणसाला पंगत होती.

एका रविवारी तिचा आवाज उतरला. बैलाच्या मानेला कपाळ टेकून ती म्हणाली की श्रावणात माझ्या पोटातलं गेलं. दोन महिन्यांचं होतं. त्या दिवशी तुझा फोन आला, तू विचारलंस बरी हाय का, आणि मी हो म्हणाले. अव्वा, मला दुसरं काय येत होतं म्हणायला?

अव्वा. बैलाला कुणी अव्वा, म्हणजे आई, म्हणत नाही.

"आता काय म्हणती?" बाजेवरून आत्यानं विचारलं.

"खुरांचं सांगतेय," मी म्हणाले.

आणि तेव्हाच आरतीच्या मॅक्सीच्या खिशातून कुणीतरी हुंदका दिला.

आरतीनं झटकन खिशावर हात दाबला आणि माझ्याकडं पाहिलं. मी जोरात शिंकले. खोटी शिंक काढणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. आत्या म्हणाली, "धूळ लई," आणि मेथीकडं वळली.

असं चाललं होतं तर. रेकॉर्डिंगच्या नावाखाली ती रोज आईला फोन लावून खिशात ठेवत होती. आई पलीकडं एक शब्द न बोलता तासभर ऐकत बसायची. लेकीचं सगळं कळत होतं, पण उलट काही विचारता येत नव्हतं. बैलालाही येत नव्हतं, म्हणा.

नंतर पाणी शेंदताना आरतीनं मला गाठलं. "ताई, तुमी सांगनार?"

"मला काय कळतंय?" मी म्हणाले. "मी आपली बातम्यांवाली."

ती पहिल्यांदाच माझ्यासमोर हसली. पुढं मी प्रत्येक रविवारी बाजेशेजारी बसून खोटं भाषांतर करत राहिले, आणि मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही.

घोळ पप्पूनं घातला. तो रोज आरतीच्या मागं उभा राहून तेच मराठीत म्हणायचा. ती 'निंदर' म्हणाली की हा 'हो, थांब'. यात्रेच्या आधीच्या रविवारी त्यानं अंगणात सगळ्यांना जमवलं, रॉकेटला बाहेर आणलं आणि एकट्यानं म्हणाला, "हो, थांब." बैल थांबला. "मागं." मागं सरला. "पाय." पाय उचलला. गेणूमामांनी टोपी उडवली. पप्पूला आनंदानं धड बोलता येईना.

"चला, सुटलो," आत्या म्हणाली. "बैल मराठीत आला. आता बास ती कानडी. आरते, मोबाईल ठिव फ्रिजवर. हर्षे, तुजं बी काम झालं ना?"

मी घाईघाईनं म्हणाले की नवी भाषा अशी पक्की होत नाही, जुनी सुटली की नवीही डळमळते, निदान पावसाळ्यापर्यंत तरी बैलाला दोन्ही चालू ठेवाव्यात. हे निम्मं खरं होतं.

"त्येला काय परीक्षेला बशिवनार हाय का?" आत्या म्हणाली. "बास म्हणलं ना."

आरती जागची हलली नाही. तिचा हात खिशावर होता. मग ती बोलली, हळू, पण सगळं मराठीत.

"आत्या, बैलासाटी तुमी पुण्याहून मानूस आनलं. त्याला काय कळतं, काय न्हाई, सगळ्यांनी दोन म्हैने इचार केला. मी आले तवा मला पानी कुटं हाय ते बी इचारता येत नव्हतं. मला कुणी न्हाई आनलं."

पप्पू बैलाची वेसण धरून खाली बघत होता.

"मी पळनार असते तर पयल्या म्हैन्यात पळाले असते. तवा तर गोड वाटत पन नव्हतं हितलं काय. आता मी आयेशी माज्या भाशेत बोलनार. हितंच, तुमच्यासमोर. तुमाला कळत नसंल तर ताईला इचारा."

तिनं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि पडवीच्या कट्ट्यावर ठेवला. सवयीप्रमाणे पलीकडून आवाज आला, "आमी बरं हाव. तू बरी..."

"अव्वा," आरती म्हणाली, "कन्नडदाग माताड." कन्नडमध्ये बोल.

पलीकडं शांतता झाली. इतकी लांब की मामांना वाटलं रेंज गेली. मग ती बाई बोलली. आवाज घाबरलेला होता.

"निन्न होरग हाकिद्रेन?"

आरतीनं फोनऐवजी सासूकडं पाहिलं.

आत्या माझ्याकडं वळली. "काय म्हणती?"

माझ्या जिभेवर खोटं तयार होतं. तब्येत विचारतेय, पाऊसपाणी विचारतेय. इतके दिवस मी तेच केलं होतं. पण त्या दिवशी मला ते नको वाटलं.

"विचारतेय, तुला घराबाहेर काढलं का?"

आत्याला ते आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिचं तोंड पडलं. आपल्या घरातून मुलगी स्वतःच्या भाषेत बोलली, तर पलीकडच्या आईला पहिलं हेच सुचावं, हे तिला लागलं. मला तिचा राग होता, अजूनही आहे, पण त्या क्षणी तिच्याकडं बघवेना.

"कुनी काढलं?" आत्या फोनवर झडप घालत ओरडली. परक्या भाषेतल्या माणसाशी आपण सगळे असंच बोलतो, आवाज वाढवून. "ओ बाई! न्हाई काढलं! हितंच हाय! माज्याम्होरं उबी हाय!"

पलीकडं ती बाई आणखी घाबरली. मध्येच तोडत तिनं पुन्हा तेच विचारलं, आणि आता ती रडत होती.

आत्यानं फोनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हातानं मला गप्प केलं आणि सुनेकडं वळली.

"'हितंच हाय' कसं म्हन्त्यात तुमच्यात?"

आरतीनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग सांगितलं.

"इल्ले अदाळ," आत्या फोनमध्ये म्हणाली. रागावल्यासारखीच म्हणाली, तिला दुसरा सूर येत नाही. "इल्ले अदाळ, बाई. इल्ले अदाळ."

पलीकडून एकदम बोलण्याचा लोट सुरू झाला. दोन वर्षांचं साठलेलं असणार. त्यातला एक शब्द आत्याला कळत नव्हता, तरी ती हं हं करत फोन धरून उभी राहिली. मग तिनं तो कानाजवळ नेला, लांब धरला, उलटा केला आणि आरतीपुढं केला.

"ह्यो स्पीकर कुटं बंद व्हतो गं?"

आरतीनं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि अंगण ओलांडून पार तिकडं बांधापर्यंत चालत गेली. ती काय बोलली ते आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही. माझ्या प्रबंधात ते नाही.